हेडबोर्डमागचे ढेकूण : ३६ खोल्यांच्या हॉटेलातल्या तारीखवार नोंदी

कामाच्या वहीतून उतरवून काढलेल्या या नोंदी. हॉटेल तीन मजली, मजल्यावर बारा खोल्या, हाउसकीपिंगला सात माणसं. तुम्ही हॉटेल, लॉज किंवा वसतिगृह चालवत असाल, तर आमचे जिथे दिवस वाया गेले तिथे तुमचे जाऊ नयेत म्हणून जसं घडलं तसं लिहितोय.

९ जानेवारी

रात्री अकराला २०७ मधल्या बाई खाली आल्या. दंडावर एका ओळीत चार गांधी उठल्या होत्या आणि हातातल्या टिश्यूत चिरडलेला ढेकूण. शंकेला जागाच नव्हती. मी माफी मागितली आणि दहा मिनिटांत त्यांना समोरची २०८ दिली. बॅग आमच्याच माणसाने उचलून नेली.

तत्परता दाखवली असं त्या वेळी वाटलं. या सगळ्या कामातली पहिली मोठी चूक तीच होती, आणि ती कळायला तीन दिवस लागले.

१० जानेवारी

२०७ ला कुलूप. मी आणि मावशी (हाउसकीपिंगमधल्या सगळ्यांत जुन्या) सकाळी नऊला आत शिरलो. चादर काढली. गादीच्या चारी बाजूंच्या शिवणी, कोपरे, लेबलच्या खालची बाजू टॉर्च लावून पाहिली. गादी उलटी करून पाहिली. काही नाही. पाऊण तास झाल्यावर मी म्हटलं, एखादाच असेल, पाहुण्यांच्या सामानातून आलेला. मावशी म्हणाल्या, "साहेब, डोक्याकडची फळी काढून बघा."

हेडबोर्ड भिंतीला सहा स्क्रूंनी ठोकलेला. दोन स्क्रूंवर रंग चढलेला, एकाचं डोकं झिजलेलं. तो निघेपर्यंत दीड तास गेला. बारा वर्षांत ही फळी एकदाही निघालेली नव्हती.

मागचं दृश्य नीट लिहून ठेवतो, कारण ओळखायचं कसं हे फोटो पाहून कळत नाही. फळीच्या खालच्या कडेला, स्क्रूच्या भोकाभोवती, स्केचपेनचं टोक टेकवून उचलावं तसे काळे ठिपके, शेकड्याने. कच्च्या लाकडात त्यांची कड फुटलेली, शाई फुटते तशी. ओल्या कापडाने पुसलं की तपकिरी ओघळ येतो. धूळ किंवा बुरशी असती तर तसा आला नसता. ठिपक्यांच्या मध्ये पोकळ, पिवळसर, कागदाहून पातळ काती. फटीत तांदळाच्या कणीहून बारीक, साधारण एक मिलिमीटरची पांढरी अंडी, चिकटवल्यासारखी. नखाने खरवडली तरी सुटेनात. आणि भोकाच्या आत एकमेकांना खेटून बसलेले मोठे ढेकूण, पाच-सहा मिलिमीटरचे, चपटे. टॉर्चचा उजेड पडला तसे आत सरकले.

पाहुणा आठ तास ज्या जागेपासून हातभर अंतरावर झोपतो, ती जागा आम्ही बारा वर्षांत साफ केली नव्हती. खोली रोज चकचकीत करत होतो.

११ जानेवारी

पेस्ट कंट्रोलवाले उद्या येणार होते. मला धीर धरवला नाही. स्टोअरमध्ये झुरळांसाठीचे स्प्रे होते, त्यांतले दोन डबे फळीमागे, पलंगाच्या सांध्यांत आणि स्कर्टिंगच्या फटीत मारले. चूक क्रमांक दोन.

अशा डब्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं, आणि त्याला दाद न देणारे ढेकूण आता जगभर आहेत. थोडे मेले. बाकीचे उठून पांगले. एका फळीमागे गोळा झालेली वस्ती मी स्वतःच्या हाताने खोलीभर पसरवली. खोली बंद करून फोडायचे धुराचे डबे आणायचाही विचार होता. तो तेवढा मावशींनी थांबवला. त्या धुराचा कण फटीत शिरत नाही आणि ढेकूण तर फटीतच असतात.

१२ जानेवारी

पेस्ट कंट्रोलचे तंत्रज्ञ आले. स्प्रेचा वास येताच त्यांनी विचारलं, "हात कोणी लावला?" खरं ते सांगितलं. त्यांनी फक्त २०७ बघायला नकार दिला. दोन्ही बाजूंच्या २०५ आणि २०९, समोरची २०८, खालची १०७, वरची ३०७, सगळ्या उघडायला लावल्या.

२०८ मध्ये सामान ठेवायच्या स्टँडच्या पट्ट्याला एक मोठा ढेकूण आणि गादीच्या कोपऱ्यात दोन पिल्लं. बाई तिथे दोनच रात्री राहिल्या होत्या. बॅग न तपासता, कपडे न तापवता समोरच्या खोलीत पाठवणं म्हणजे ढेकणांना उचलून नेणंच होतं. २०९ मध्ये हेडबोर्डमागे थोडे ठिपके आणि चार-पाच ढेकूण. २०७ आणि २०९ ची भिंत एक आणि तिच्यातून वायरची नळी आरपार गेलेली. बाकीच्या तीन खोल्या स्वच्छ होत्या, तरी तीन रात्री बंद ठेवल्या.

मी सुचवलं की २०७ महिनाभर नुसती बंद ठेवू, उपाशी मरतील. ते म्हणाले, मोठा ढेकूण रक्ताशिवाय महिनोन्महिने तग धरतो. महिनाभराने पहिलाच पाहुणा झोपला की सगळे बाहेर येतील, किंवा त्याआधीच भिंतीतून शेजारी जातील.

१४ जानेवारी

ही नोंद लिहायला जड जाते, पण सगळ्यांत महत्त्वाची आहे.

मावशींना डोक्याकडची फळीच कशी सुचली, हे दोन दिवस मनात घोळत होतं. आज चहाच्या सुट्टीत शेजारी बसून विचारलं. आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, डिसेंबरच्या मध्यापासून २०७ च्या चादरीवर उशाकडच्या बाजूला बारीक काळे ठिपके यायचे. दोनदा रक्ताचा पुसट डागही होता. त्यांनी बाथरूममध्ये साबण लावून ते घासून काढले आणि मग चादर लॉन्ड्रीत टाकली.

"मला का नाही सांगितलं, मावशी?"

"डागाचे पैसे पगारातून कापतात ना साहेब."

आमच्याकडे नियम होता. डाग न निघणारी चादर ज्याच्या खोलीतून आली, त्याच्या नावावर. मी येण्याआधीपासूनचा नियम, पण चालू ठेवणारा मीच. चादरी वाचाव्यात म्हणून केलेल्या त्या नियमाने जवळजवळ चार आठवडे एका माणसाचं तोंड बंद ठेवलं. अंडं सहा ते दहा दिवसांत फुटतं. मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते. चार आठवड्यांत काय झालं ते फळीमागे पाहिलंच होतं.

दुपारी सगळ्यांना बोलावून नियम रद्द केला. मावशींचे कापलेले पैसे परत दिले, बाकीच्यांचेही मागच्या वर्षभराचे दिले. यापुढे डाग, ठिपका, कात, किडा, काहीही दिसलं की खोली आहे तशी सोडायची आणि लगेच सांगायचं. शंका खोटी निघाली तरी तो वेळ कामाचाच धरायचा.

मालकांना याचं कारण समजवायला संध्याकाळ गेली. त्यांचा आग्रह होता की ढेकूण म्हणजे अस्वच्छता, तेव्हा सफाईवाल्यांचीच कसूर. तसं नाही. ढेकणाला मळ लागत नाही, रक्त लागतं. तो सामानातून येतो, आणि कोणत्याही दर्जाच्या हॉटेलात येतो. तो येणं पूर्णपणे आपल्या हातात नाही. किती दिवसांत सापडतो, हे आहे.

१६ जानेवारी

वाफेचा दिवस. २०७, २०८, २०९.

आमचं स्वतःचं वाफेचं यंत्र आधी वापरून पाहिलं. त्याची तोटी अणकुचीदार, झोत जोराचा. तंत्रज्ञांनी एका फटीवर तो मारून खाली पांढरा कागद धरला. अंडी आणि पिल्लं उडून कागदावर पडली, दोन पिल्लं जिवंत. म्हणजे झोताने ती पलीकडे भिरकावली जात होती. त्यांच्या यंत्राला रुंद तोंड होतं आणि त्यावर फडकं गुंडाळलेलं. ते सेकंदाला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर सरकवायचं. मागोमाग तापमापकाने पृष्ठभाग तपासायचा. ७० ते ८० अंश सेल्सिअस दाखवला तर ठीक, नाहीतर पुन्हा. एका खोलीला साडेचार तास लागले. मी दीड तास धरला होता.

हेडबोर्ड तिन्ही खोल्यांतले काढले. २०७ चा भुशाच्या लाकडाचा, मागून पोखरल्यासारखा, वाफेने फुगला. तो प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, वर ठळक "ढेकूण" लिहून, फोडून टाकला. न फोडता बाहेर ठेवला असता तर कोणीतरी घरी नेला असता.

१८ जानेवारी

लॉन्ड्री. आजवर खोलीतल्या चादरी छातीशी कवटाळून, कॉरिडॉरभर नेऊन, ट्रॉलीच्या झोळीत टाकत होतो. त्याच ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात धुतलेल्या चादरी. शेफिल्ड विद्यापीठाच्या २०१७ च्या एका प्रयोगात, माणूस खोलीत नसताना ढेकूण धुतलेल्या कपड्यांपेक्षा वापरलेल्या कपड्यांच्या पिशव्यांकडे जवळजवळ दुप्पट गेल्याचं आढळलं होतं. आमची झोळी म्हणजे त्यांच्यासाठी आयतं वाहन.

आता प्रत्येक खोलीची पिशवी वेगळी. ती खोलीतच भरायची, खोलीतच गाठ मारायची, आणि थेट यंत्राच्या तोंडाशीच उघडायची. मळक्या आणि स्वच्छ कपड्यांच्या ट्रॉल्या वेगळ्या.

ड्रायरमध्ये पुन्हा चुकलो. सगळ्यांत जास्त उष्णतेवर अर्धा तास, हा हिशेब बरोबर होता, पण घाईत ड्रायर ठासून भरला. काढताना मधली ब्लँकेटं कोमट लागली. तापमापक आत घातला तर ४१ अंश. मोठे ढेकूण आणि अंडी दोन्ही मरायला कपड्याच्या गाभ्यापर्यंत ५० च्या वर उष्णता पोचायला हवी. सगळा घाणा पुन्हा, अर्ध्या भारात. त्या दिवशी लॉन्ड्री रात्री एकपर्यंत चालली.

२३ जानेवारी

सुतारकाकांचं काम सुरू. मी सगळ्या हेडबोर्डना नवे स्क्रू आणि सिलिकॉनने सीलबंद कडा मागितल्या होत्या. त्यांनी फळी हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "सील करून काय होणार? तुम्हाला मागे बघायचंय ना? मग निघाली पाहिजे." त्यांनी भिंतीला तिरप्या कापाची एक पट्टी मारली, फळीमागे तशीच उलटी, आणि फळी नुसती वर अडकवली. दोन माणसं वर उचलतात की सुटते. दीड तासाचं काम वीस सेकंदांवर आलं. अख्ख्या प्रकल्पात इतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

जोडीने भिंतीतली जुनी भोकं बुजवली, पलंग भिंतीपासून पंधरा सेंटिमीटर पुढे घेतले, जमिनीला टेकणाऱ्या झालरी काढल्या. सामानाच्या स्टँडचे कापडी पट्टे काढून धातूच्या दांड्या बसवल्या.

अकरा पलंग पेटीसारखे, पाय नसलेले निघाले. पलंगाच्या पायाखाली ठेवायचा, ढेकूण आत पडून अडकेल असा सापळा त्यांना बसत नाही, आणि पेटीच्या आत आयतं घर. सहांना पाय लावता आले, पाच बदलावे लागणार. खर्चाच्या अंदाजात हे मी धरलंच नव्हतं.

२७ जानेवारी

गाद्यांच्या चेनवाल्या खोळी आल्या. पहिली बसवून चेन लावली तर टोकाशी पेनाची रिफिल जाईल एवढी फट. नुकतंच जन्मलेलं पिल्लू एक मिलिमीटरचं. त्याला एवढी वाट पुष्कळ. सगळ्या परत केल्या. चेनच्या टोकाला झाकण असलेल्या दुसऱ्या मागवल्या, आठ दिवस गेले. त्यांतल्या दोन पलंगाच्या लोखंडी कोपऱ्यावर पहिल्याच आठवड्यात फाटल्या. कोपऱ्यांना आधी नमदा चिकटवा, मग खोळ चढवा.

खोळीने ढेकूण येणं थांबत नाही. पण गादीच्या शिवणी बंद होतात आणि पांढऱ्या, सपाट कापडावर ठिपका लांबून दिसतो. मला तेवढंच हवं होतं.

३० जानेवारी

दुसरी फेरी, पहिलीनंतर बरोबर चौदा दिवसांनी, म्हणजे वाचलेली अंडी फुटलेली असतील पण पिल्लं मोठी होऊन अंडी घालू लागलेली नसतील.

पलंगाच्या पायांखालचे सापळे तिन्ही खोल्यांत रिकामे. मी खूश होऊन २०७ त्याच दिवशी उघडायला निघालो. तंत्रज्ञ म्हणाले, रिकाम्या खोलीतला सापळा कसली साक्ष देणार? माणूस झोपलाच नाही तर ढेकूण पलंगाकडे येईल कशाला? त्यांनी मेन बंद करून पलंगाशेजारच्या स्विचबोर्डची पाटी उघडली. आत दोन पिल्लं. माझ्या ११ तारखेच्या स्प्रेने पांगलेल्यांची ही वंशावळ, दुसरं काय.

बोर्डाच्या पेटीत आणि वायरच्या नळीच्या तोंडाशी त्यांनी सिलिकाची (ढेकणाचं अंग सुकवून मारणारी) भुकटी फुंकली, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी पातळ. ढीग घातला तर ढेकूण वळसा घालून जातात. हे काम तोंडाला मास्क लावून, जाणकारानेच करावं. माणसाच्या श्वासात जाईल अशा उघड्या जागी ती भुकटी टाकायची नाही.

७ फेब्रुवारी

२०८ आणि २०९ सलग दोन तपासण्यांत स्वच्छ, आजपासून खुल्या. २०७ बंदच.

सापळ्यांत नवीच अडचण. कडा आतून गुळगुळीत असतात, म्हणून पडलेला ढेकूण वर चढू शकत नाही. सफाईत मुलांनी ते ओल्या फडक्याने पुसले, वर धूळ बसली, आणि आतल्या भिंती खरखरीत झाल्या. शिवाय उष्ण प्रदेशात आढळणारी ढेकणांची जात गुळगुळीत भिंतीवर जास्त सहज चढते. दर पंधरवड्याला कोरडं पुसून आत टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवायचा, असं ठरवलं.

१३ फेब्रुवारी

तपासणी शिकवायला घेतली. २०७ मधून जपून ठेवलेले नमुने (अंडी, कात, पिल्लू, मोठा ढेकूण, ठिपक्यांचा कापडी तुकडा) पारदर्शक टेपखाली बंद करून कार्ड बनवलं, सात जणांना सात. पिल्लू पाहून तिघं म्हणाले, हे तर आम्हाला धुळीचा कण वाटला असता. न जेवलेलं पिल्लू जवळजवळ पारदर्शक असतं.

आठवड्यातून एकदा हेडबोर्ड काढून पूर्ण तपासणी. रोज चादर बदलताना उशाकडची शिवण, गादीचे दोन कोपरे, सापळे आणि सामानाचं स्टँड. कागदावर मी "तीन मिनिटं" लिहिलं होतं. घड्याळ लावून पाहिलं तर सात. दोन आठवड्यांनी पाचावर आलं, खाली नाही. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याची रोज एक खोली कमी केली. वेळ न देता तपासणी लादली असती तर नुसत्या सह्या झाल्या असत्या.

२१ फेब्रुवारी

२०७ खुली. हिशेब: २०७ च्या ४२ रात्री, २०८ आणि २०९ च्या प्रत्येकी २६, बाकी तिघींच्या मिळून ९. एकूण १०३ रात्रींचं भाडं बुडालं. नव्या पलंगांचा आणि खोळींचा खर्च वेगळा.

१० मार्च

पाहुण्यांशी कसं बोलायचं, हे रिसेप्शनवर लिहून दिलं. "तुम्हीच आणले असतील" हे कधीही म्हणायचं नाही. चावा लगेच उठेलच असं नाही. काहींच्या अंगावर तो कित्येक दिवसांनी दिसतो, काहींच्या दिसतच नाही. म्हणूनच २०७ मध्ये डिसेंबरात राहून गेलेल्या कोणीच तक्रार केली नव्हती. कुठून आले हे त्या रात्री ठरत नसतं, आणि ठरवायची गरजही नसते.

खोली बदलायची तर शेजारची, समोरची, वरची, खालची नाही. सामान पिशवीत बंद, कपडे आमच्या ड्रायरमधून काढून परत. भाडं परत. ढेकणांमुळे माणसाला रोग झाल्याचं दिसून आलेलं नाही, हेही सांगायचं, पण झोपमोड आणि खाज किरकोळ आहे असं भासवायचं नाही. ज्याला चावलेत त्याला पुढच्या कित्येक रात्री झोप लागत नाही.

जानेवारीतल्या त्या बाईंना मी पत्र लिहून २०८ ची चूक कळवली आणि घरी गेल्यावर बॅगेचं काय करावं तेही लिहिलं. हे त्याच आठवड्यात करायला हवं होतं.

३ एप्रिल

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, कामाला लागून आठच आठवडे झालेला मुलगा ३०६ मधून धावत आला. पायाखालच्या सापळ्यात एक मोठा ढेकूण. सापळा तसाच हातात, उघडा, कॉरिडॉरमधून आणलेला. त्याला आधी शाबासकी दिली. मग सांगितलं की पुढच्या वेळी वर टेप लाव आणि जागचा हलवू नकोस. टेपचं रीळ आता प्रत्येक ट्रॉलीला बांधलंय.

साडेदहाला ३०६ बंद. ३०४, ३०८, समोरची ३०५ आणि खालची २०६ दुपारपर्यंत तपासून झाल्या, सगळे हेडबोर्ड उचलून. मिळून दीड तास. सगळ्या स्वच्छ, त्याच संध्याकाळी दिल्या. ३०६ मध्ये आणखी एकच, स्टँडच्या सांध्यात. हेडबोर्डमागे मावशींनी स्वतः टॉर्च धरून पाहिलं: लाकूड कोरं. त्याच दुपारी वाफ, दुसऱ्या दिवशी भुकटी. कोणी स्प्रेचा डबा उचलला नाही.

१८ एप्रिल

३०६ ची चौदाव्या दिवशीची फेरी काल झाली. स्विचबोर्डच्या पाट्यांसकट सगळं उघडून पाहिलं, काही नाही. १५ रात्री गेल्या, एकाच खोलीच्या. आज पाहुणे येतायत. सापळे कोरडे पुसून, पावडर लावून परत बसवले; ते पुन्हा पुसायची तारीख, २ मे, पलंगाच्या पायाला चिकटवलेल्या पट्टीवर त्या मुलानेच लिहिली.